चावणारं वेगळं, हसणारं वेगळं

ज्या बाईनं मला चुकीचं औषध सांगितलं, तिचेच उपकार माझ्यावर सगळ्यांत जास्त आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी तिला थोडी हसणार आहे आणि कुणाचा गैरसमज व्हायला नको. पेणला ज्या घरात आम्ही बायका पोह्याचे पापड लाटायला जातो, तिथली ती सगळ्यांत जुनी. सगळ्या तिला मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. खाडीकाठच्या गावातली, आगरी. आईबाप मिठागरात राबले, लहानपणी तीही राबली. माझं तिचं नातं म्हणाल तर काहीच नाही. मी जालन्याकडची. तिचं बोलणं मला सुरुवातीला निम्मंच कळायचं, आणि माझं बोलणं ऐकून ती म्हणायची, "ही भांडते का बोलते गो?"

माझं तोंड वाकडं झालं तेव्हा धावून आली ती हीच.

मी सातवीनंतर शाळा सोडली. सोडली म्हणजे सुटली. शास्त्राच्या पुस्तकात तोवर हृदय येऊन गेलं होतं, फुप्फुसं आली होती, जठर आलं होतं. चेहरा कुठंच नव्हता. आणि त्यात शिकण्यासारखं काही असेल असं मलाही कधी वाटलं नाही. चेहरा असतो, आपण तो धुतो, पावडर लावतो, झालं.

तोंड वाकडं झालं तेव्हा मुलगी चार महिन्यांची होती. नवरा डोलवीला ठेकेदाराकडं कामाला, पहिल्या शिफ्टला पहाटेच गेला होता. मी चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळालं. वाटलं, झोपेत असेन. चहा प्यायले तर तोही हनुवटीवर. मग मुलीजवळ गेले. ती नुकतीच हसायला लागली होती. मी हसले की ती हसायची, एवढाच आमचा दोघींचा खेळ. त्या दिवशी मी हसले आणि ती हसलीच नाही. नुसती बघत राहिली, कुणी पाहुणी आल्यासारखी.

मी आरशात बघितलं. उजवी बाजू हसत होती. डाव्या बाजूला त्यातलं काहीच कळलं नव्हतं. डाव्या कपाळावर एक आठी नाही, गाल खाली ओघळलेला, डोळा टक्क उघडा. मिटायला गेले तर मिटेना.

मी मुळात घाबरट. गाडीत बसले तरी उतरायचं ठिकाण मागं तर नाही ना पडलं, हे शेजारणीला पुन्हा पुन्हा विचारणारी. पण त्या दिवशी जी भीती बसली ती माझी नव्हती, मुलीची होती. मूल हसायला शिकतं ते आईच्या तोंडाकडं बघून, असं आमच्याकडं म्हणतात. मग माझ्याकडं बघून ही काय शिकणार? अर्धं?

पोरीला उचलून तशीच पापडाच्या घरी गेले. दुसरं जाणार कुठं? मावशीनं मला दारातच बघितलं आणि लाटणं खाली ठेवलं.

"काय गो झाला तुना? वारा लागला काय?"

मला बोलताही नीट येईना, प आणि ब फुसकन निघून जायचे. तिनं पोरगी माझ्याकडून घेतली, कडेवर बसवली आणि मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "भुवया वर करा." मी केल्या. उजवी गेली, डावी गेली नाही. मी रडकुंडीला आले आणि डॉक्टरांच्या तोंडावर मात्र हायसं वाटल्यासारखं दिसलं. मला रागच आला. मग त्यांनी सांगितलं की बहुतेक वेळा मेंदूतल्या झटक्यानं तोंड वाकडं झालं तर कपाळ हलतं. कपाळसुद्धा अडलंय, म्हणजे बिघाड बाहेरच्या नसेत असावा. तरी त्यांनी हातपाय, बोलणं, सगळं तपासून बघितलं. जे बघून मी घाबरले तेच बघून ते निवांत झाले होते. गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायचे थेंब दिले, झोपताना डोळा चिकटपट्टीनं बंद करायला सांगितला. म्हणाले, बहुतेक येईल परत, पण वेळ लागेल. तोंडाचे व्यायाम कुणाकडून तरी शिकून घ्या.

मावशीनं यातला 'व्यायाम' तेवढा धरला.

"शिकायचा काय त्यात?" बाहेर आल्यावर ती म्हणाली. "तोंडाला काम नाय म्हनून तोंड झोपला. काम दे त्याला."

आणि पोह्याच्या पापडाच्या घरात तोंडाला काम द्यायचं म्हटल्यावर काय द्यायचं, हे सांगायला नको. लाटी. पीठ कुटून कुटून घट्ट केलेलं, त्याची कच्ची गोळी. तेलात बुडवून तोंडात टाकली की जबडा दुखेस्तोवर चावत बसावं. इथं बायका हौसेनं खातात. मावशीनं मला हुकूम सोडला, डाव्या बाजूनंच चावायचं. येता-जाता ती एक लाटी माझ्या हातावर ठेवायची आणि दुसऱ्या कुणी मागितली की म्हणायची, "तू गप. तुजा तोंड सरल हाय."

मी इमानानं चावत राहिले. लाटी गाल आणि दाताच्या मध्ये जाऊन बसायची, बोटानं काढावी लागायची. जबडा दुखायचा, आणि दुखतंय म्हणजे गुण येतोय असं आम्हाला दोघींना वाटायचं. गाल मात्र होता तिथंच. शेजारच्या पोळपाटावरच्या बाया धीर द्यायला म्हणायच्या, डाव्या बाजूनं तू किती तरुण दिसतेस, एक सुरकुती नाही. मावशी म्हणाली, "अर्धी सून, अर्धी सासू झालीस."

घरी आईचा व्हिडिओ कॉल आला की मी फोन पोरीकडं वळवायचे. आई म्हणायची, "तुझं तोंड दाखव की गं." मी म्हणायचे, "माझं काय बघतीस, नातीला बघ." आईला कळवलं असतं तर ती मिळेल त्या गाडीनं निघाली असती, आणि तिचं स्वतःचं दुखणं काही कमी नव्हतं.

गुण येईना तेव्हा मावशीनंच रोह्याचं काढलं. तिची लेक रोह्याजवळ वरसे गावात दिलेली. मावशीचा गुडघा धरला होता तेव्हा लेकीनं तिला रोह्यातल्या एका फिजिओथेरपीच्या मॅडमकडं नेलं होतं. "गुडघा सरल केला तिनं. तोंड काय त्याच्यापेक्षा मोठा हाय?"

एसटीनं निघालो. पोरगी मावशीच्या मांडीवर. कंडक्टर तिकिटाला आला, मी मान वर करून बघितलं. आता गंमत अशी की माझा उजवा डोळा तेवढा लवायचा. डावा उघडाच. म्हणजे साधी पापणी लवली तरी समोरच्याला मी डोळा मारल्यासारखं दिसणार. मला याचा पत्ताच नव्हता. कंडक्टर गडबडला. पुन्हा बघितलं. मग त्यानं कॉलर नीट केली.

"ओ भाऊ," मावशी म्हणाली, "हुरलून नको जाव. तिचा एकच डोला मिटतो. आजारी हाय ती."

"मी कुठं काय बोललो, मावशी?"

"बोललास नाय. पन कॉलर कनाला नीट केलीस?"

मागची सगळी बाकं हसली. कंडक्टरही हसला आणि नागोठणं येईपर्यंत पुढंच उभा राहिला. मीही हसले, तोंडावर पदर धरून. दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.

मॅडमच्या खोलीत भिंतीवर एका चेहऱ्याचं मोठं चित्र होतं. कातडी काढलेलं, सगळं लाल, दोरे-दोरे. मावशीनं पोरीचं तोंड दुसरीकडं वळवलं.

"ह्याला कोनी सोलला गो? कोंबडा दिसतोय."

मॅडम हसल्या. मला विचारलं, व्यायाम काही करता का? मी जरा तोऱ्यातच सांगितलं, लाट्या चावते, डाव्या बाजूनं. मॅडमना कळेना. मावशीनं खुलासा केला. मग मॅडमनी माझेच दोन्ही तळवे माझ्या जबड्याच्या कोपऱ्यांवर ठेवले. "दात आवळा." मी आवळले. दोन्हीकडं टणक गोळे वर आले, अगदी सारखे.

"कळलं? हा चावायचा स्नायू. याला काही झालेलंच नाही. चावणाऱ्या स्नायूंची नस वेगळी आणि हसणाऱ्या, रडणाऱ्या स्नायूंची वेगळी. तुमची अडलीय ती दुसरी."

मावशीनं आपलाही जबडा चाचपला. "म्हंजे जो आजारी नाय, त्यालाच मी औषध दिला?"

"चांगला पैलवान केलात त्याला," मॅडम म्हणाल्या.

मावशीचं तोंड उतरलं. आता मला माहीत आहे की तोंड उतरतं म्हणजे कुठले दोर ढिले पडतात. पण तेव्हा मी चित्रच बघत होते. मॅडमनी त्यावर बोट ठेवून दाखवलं. हातापायाचे स्नायू एका हाडापासून दुसऱ्या हाडाला बांधलेले असतात, म्हणून हाड हलतं. चेहऱ्याचे बहुतेक स्नायू हाडावरून निघतात ते सरळ कातडीत जाऊन शिरतात. म्हणून कातडी हलते. गालाच्या हाडावरून एक पट्टी तिरकी खाली ओठाच्या कोपऱ्यात येते, ती ओढली की हसू. कपाळावर एक पडद्यासारखी, ती वर गेली की नवल. डोळ्याभोवती एक गोल, तोंडाभोवती एक गोल, परकराच्या नेफ्यातल्या नाडीसारखे. नाडी ओढली की चुण्या पडाव्यात तसे डोळ्याच्या कडेला बारीक चुण्या. आणि गालाच्या आत एक सपाट, जेवताना घास दाताखाली ढकलणारा. तो हसणाऱ्यांच्याच नसेवर चालतो, म्हणून माझी लाटी गालात अडकायची.

माझ्या तोंडून प्रश्न कधी गेला ते कळलंच नाही. "मग माझा डोळा मिटत नाही, तर उघडतो कसा?"

मॅडमनी खुर्ची पुढं ओढली. "चांगलं विचारलंत. पापणी वर उचलणारा वेगळा असतो. त्याची नस तिसरीच. उघडणारा वेगळा, मिटणारा वेगळा."

मी सातवीपर्यंत वर्गात एकदाही प्रश्न विचारला नव्हता. भीती वाटायची. त्या खोलीत मात्र मी विचारतच सुटले. रडताना कुठला? मिरचीची खाट येऊन ठसका लागला की नाक कोण वर चढवतं? तेवढा वेळ मला माझं तोंड माझं वाटलंच नाही, भिंतीवरचंच वाटलं.

व्यायाम साधे होते आणि म्हणूनच अवघड. जोर लावायचा नाही. जोर लावला की चांगली बाजू सगळं आपल्याकडं ओढून नेते. उजवा गाल बोटांनी हळू धरून ठेवायचा आणि डाव्याला नुसतं सांगून बघायचं, हल. हे आरशासमोर करायचं.

तिथंच माझं अडलं. आरशात बघितलं की मला रडू यायचं, आणि रडूही अर्धंच, ते बघून आणखी यायचं. परतीच्या गाडीत मावशी पोरीला थोपटत होती. नागोठणं गेल्यावर कधीतरी म्हणाली, "जबड्याला मात्र नजर नको लागू दे आता." आणि दुसऱ्या दिवशी पापडाच्या घरी माझ्या पोळपाटासमोर येऊन बसली.

"आरसा ठेव तिकडं. मना बग. मी करते तसा कर. हलला का नाय, मी सांगते."

तेव्हापासून मावशी माझा आरसा. ती लाटता लाटता नाक मुरडायची, मी मुरडायचे. ती ओठांचा चंबू करायची, मी करायचे. आणि ती निकाल द्यायची. "नाय. नाय. अजून नाय. थांब थांब, काय तरी हलला. का माशी होती?" दुसऱ्या बायाही नादाला लागल्या. कुणाला एक भुवई उचलता येते, कुणाला दोन्हीच उचलाव्या लागतात. कुणाच्या हसण्यात डोळे येतात, कुणाच्या हसण्यात नुसते दात. एकीला मावशी म्हणाली, "तुजा हसना गालापर्यंतच येतो गो. नवरा कंपनीतून सुटला की बग जरा वर जातो का."

मी सगळ्यांची तोंडं बघायला लागले. नवरा शिफ्टवरून आला की दमलेला आहे की चिडलेला, हे कपाळाच्या मधल्या दोन रेघांवरून सांगायला लागले. तो म्हणाला, "तू आता डॉक्टरीणच हो."

आणि सगळ्यांत जास्त बघायचे ते मुलीला. त्या घरातच साडीच्या झोळीत ती असायची. तिचंही हेच चाललेलं. ओठ पुढं काढून बघायची, कपाळ वर करायची, मग विसरायची. कुठली नाडी ओढल्यावर काय होतं, हे ती नव्यानं शोधत होती आणि मीही. आम्ही दोघी एकाच इयत्तेत. फरक एवढाच की तिला कशाचीच काळजी नव्हती. ती माझ्याकडं बघायची ते उजव्या बाजूकडं. जी बाजू बोलते तिकडंच बघणार ना. डाव्या गालावर कधी तळहात आपटायची. मला वाटायचं, उठवते आहे. मग रात्रभर तीच काळजी, ही अर्ध्या चेहऱ्याशीच हसायला शिकते आहे.

एका दुपारी मिरचीच्या पिठाची लाटी समोर होती. मी शिंक दाबायला नाक आकसलं आणि मावशी ओरडली. तिच्या हातातला पापड फाटला.

"जाव दे पापड! हलला गो, हलला! नाकपुडी हलली तुजी!"

पिठाच्या हातांनी तिनं माझं तोंड धरलं. पोरगी दचकून रडायला लागली. कुणाकडं बघावं ते कुणालाच कळेना. मला स्वतःला काहीच जाणवलं नव्हतं. माझ्या नाकाची बातमी मला मावशीकडून कळली.

त्यानंतर सावकाश, महिन्यामहिन्यानं, बाकीचं आलं. आधी गाल, मग ओठाचा कोपरा, डोळा, सगळ्यांत उशिरा कपाळ. पूर्ण नाही आलं. मी हसले की डावा डोळा आपोआप बारीक होतो. रोह्याच्या मॅडमनी सांगितलं, नस परत वाढते तेव्हा एखादा धागा वाट चुकतो. ओठाकडं जायचा तो डोळ्याकडं जातो. मग हसायला सांगितलं की दोघंही ऐकतात.

मावशीनं हळूच विचारलं, "लाट्यांनी झाला काय तो?"

"नाही हो. कुणालाही होतं असं."

दाराबाहेर पडताना ती मागं वळली आणि पुन्हा विचारलं, "नक्की ना?"

आता मुलगी दोन वर्षांची झाली, बडबड करते. आणि हसली की तिचा डावा डोळा बारीक होतो.

मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिला पुन्हा पुन्हा हसवून बघितलं. ज्याची भीती होती तेच. पुन्हा रोहा. मॅडमनी तिला पिपाणी वाजवायला दिली, डोळे गच्च मिटायला लावले, खेळणं उंच धरून कपाळ वर करायला लावलं. सगळं हललं, दोन्हीकडं सारखं. "काही झालेलं नाही तिला. तुमच्याकडून उचललं असेल, नाहीतर तिचंच असेल."

"उचलला नाय," मावशी म्हणाली. "समोरून बगून उचलला असता तर उजवा मिटला असता. आरशात उलटा दिसतो तसा."

मॅडमनी मुलीसमोर आपलाच एक डोळा बारीक करून बघितला. म्हणाल्या, "मुलं नेहमी तशीच उचलतात असं नाही. पण तुमचं म्हणणं अगदीच टाकून देण्यासारखं नाही."

त्या आठवड्यात मी आईला सगळं सांगितलं, आजारही आणि हेही. आई आधी भरपूर रागावली. मग म्हणाली, "अगं, तू लहानपणी अशीच हसायचीस. मीही तशीच हसते. एक डोळा बारीक. तुला कधी दिसलं नाही?"

मला खरंच आठवत नाही. माझे लहानपणचे हसतानाचे फोटो नाहीत. आणि आई हसली की तोंडावर पदर घेते, पार डोळ्यांपर्यंत. फोनवर तर रेंज जाते नाहीतर पदर येतो. आई खरं सांगते आहे की माझा जीव हलका व्हावा म्हणून बोलली, हे मला कळायला मार्ग नाही. मी मावशीला विचारलं, तुला काय वाटतं?

"आय हाय ती. लेकीसाटी खोटा पन बोलंल." मावशी पापड लाटत राहिली. मग म्हणाली, "मना ने तिकडं. मी हसवते तिला. पदर मी धरते, तू डोला बग."

ती पेण-रोह्यापलीकडं फारशी कधी गेलेली नाही. गुडघा अजून अधूनमधून धरतो. आमचं गाव लांब, गाड्या बदलाव्या लागतात, आणि उतरायचं ठिकाण मागं पडेल ही माझी भीती काही गेलेली नाही. तरी मावशी, मी हे लिहून देते. तुला मी एक दिवस माझ्या गावाला नेणार. खिडकीची जागा तुझी. माझ्या आईसमोर तुला बसवणार, तू तिला हसव, आणि आई काय करायची ती करो. माझं तोंड तू इतके महिने बघितलंस; ते कुणाकडून आलं, हे तुला दाखवायचं मी देणं लागते, आणि ते देणं मी फेडणार.